गळत्या दोन होत्या

बंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. पिल्लू असल्यापासून लिटर बॉक्समध्येच, म्हणजे शू-शीसाठी माती भरून ठेवलेल्या डब्यातच, जाणारा. एका पावसाळ्यात त्याने बॉक्स सोडला. आधी बाथरूमबाहेरचं पायपुसणं, मग धुवायच्या कपड्यांची बास्केट, मग सासूबाईंची गोधडी आणि शेवटी आमची डबल बेडची कापसाची गादी. ठाण्यातला जुलै म्हणजे रुमालसुद्धा पंख्याखाली वाळवायचे दिवस. गच्चीवर गादी टाकायची सोय नाही. बोक्याची शू कापसात मुरली की काय होतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "नाक घासा त्याचं त्यात, परत नाही करणार." "संत्र्याच्या साली ठेवा." "कपाटातल्या डांबरगोळ्या टाका कोपऱ्यात." एकाने तर अगदी सहज सांगितलं, "मच्छी मार्केटला सोडून या, पोट तरी भरेल बिचाऱ्याचं." सासूबाईंनी निदानही करून टाकलं होतं. "अगं, मुद्दाम करतोय तो. परवा ओट्यावरून हाकलला ना मी, त्याचा राग."

सूड म्हणून शू करणं मांजराच्या डोक्यात नसतं. नाक घासल्याने ते एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही; मग सोफ्यामागे जाऊन करतं. डांबरगोळ्या तर मांजराला विषारी. हे सगळं मी जेवणाच्या ताटावर सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, तुझं खरं. पण माझी गोधडी कोण धुणार?" प्रश्न रास्त होता.

नवरा सोसायटीच्या कमिटीवर आहे. गळती कुठून येते ते शोधणं हा त्याचा आवडता उद्योग. त्याने हेही तसंच हाती घेतलं. फ्रिजवर एक कागद चिकटवला: जागा, वेळ, किती, आडव्यावर की उभ्यावर. शेवटचा रकाना मला पोरकटपणा वाटला होता, पण गाडी पुढे सरकली ती त्याच रकान्यामुळे. गादी, पायपुसणं, बास्केट इथे बसून केलेली, थोडी थोडी शू. बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी मात्र निराळंच. पडद्याच्या खालच्या भागावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर ओघळ. तसेच शू-रॅकच्या बाजूच्या फळीवर. म्हणजे शेपटी ताठ उभी करून, थरथरवत, उभ्याने मारलेली फवारणी. ती हद्दीची खूण. बसून केलेली शू हे वेगळं प्रकरण. नवरा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "गळत्या दोन आहेत."

पहिल्या गळतीचा धागा मावशींनी दिला. बाथरूम घासताना त्यांनी हाक मारली, "ताई, इकडे या जरा. हे रक्तासारखं दिसतंय." मोरीच्या जाळीशेजारी पांढऱ्या फरशीवर एक थेंब, बोटाच्या पेरावर मावेल एवढा, फिकट गुलाबी. कडेला जरा गडद. पाणी पडलेलं असतं तर कळलंही नसतं. त्या दिवशी बंड्यावर लक्ष ठेवलं. तो मोरीत जाऊन बसायचा, पाठीला पोक काढून ताटकळायचा, दोन थेंब टाकायचा, मागे वळून चाटायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. संध्याकाळच्या आत रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. वाटेत त्याने कॅरियरमध्ये जे रडगाणं लावलं, त्याने रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

डॉक्टरांनी आधी पोट चाचपलं. मूत्राशय लहान आणि मऊ लागलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. "मॅडम, थेंब थेंब येतंय हे चांगलं आहे. काहीच येत नसतं तर मी आत्ता तुमच्याशी बोलत बसलो नसतो." बोक्याची मूत्रनलिका मादीपेक्षा लांब आणि टोकाला फार अरुंद. तिच्यात खडे, स्फटिक किंवा नुसता चिकट गाळ अडकला की शू तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जनावर जातं. बोका जोर लावतोय, ओरडतोय आणि बाहेर काही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोनला असेल तरी निघायचं. हे त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं. दुसरी ताकीद: दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात द्यायची नाही. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

शूचा नमुना सोनोग्राफीत बघत पोटातून सुईने काढला. ऐकायला भयंकर, पण इंजेक्शनपेक्षा जास्त वेळ लागला नाही. बंड्याने फक्त माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. खडा नाही, जंतू नाहीत, रक्तपेशी भरपूर, आणि लघवी घट्ट. रोगाचं नाव फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाला सूज आहे, पण जंतू किंवा खडा असं बोट दाखवता येईल असं कारण सापडत नाही. दहा वर्षांखालची जी मांजरं अशा तक्रारी घेऊन येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचं निदान हेच निघतं. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. "म्हणजे अँटिबायोटिक नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या हिशेबात अँटिबायोटिक नाही म्हणजे फी फुकट. डॉक्टर हसले. "मारायला जंतूच नाहीत. दुखणं थांबवायचं औषध देतो. हे तसंही आठवडाभरात उतरतं. पण घरात काय बदललं ते शोधा, नाहीतर परत येईल."

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्याने वर्षानुवर्षं याच आजारावर काम केलं. अशा मांजरांची ताण झेलणारी यंत्रणाच बिघडलेली असते, ताणाचं पर्यवसान मूत्राशयाच्या दुखण्यात होतं, आणि मांजराचं राहतं घर सुधारलं तर झटके कमी होतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. जागा, पाणी, लपायला कोपरा, चढायला उंची, खेळ. आमचे डॉक्टर हे सगळं दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले. घरी येऊन मी सविस्तर वाचलं तेव्हा उलगडलं की मोरी आणि पायपुसण्याचं काय आहे ते. बॉक्समध्ये बसल्यावर दुखलं की मांजर ते दुखणं बॉक्सशी जोडतं आणि दुसरी जागा शोधत फिरतं. बरं झाल्यावरही बॉक्सचा धसका राहतो.

म्हणून बॉक्सच बदलायचा ठरला. जुना बॉक्स झाकणाचा, पुढे फडफडणारं दार असलेला, आत लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर. माणसाला वास येऊ नये म्हणून केलेली ही सगळी रचना, आणि वास आत कोंडल्याने मांजराला नकोशी. शिवाय तो ठेवलेला बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. बंड्या आत असताना मशीन स्पिनला गेलं की तो कसा उडून बाहेर यायचा ते आठवून आम्ही एरवी हसत असू.

पुस्तकी नियम असा की बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी, आणि घरात जितकी मांजरं त्याहून एक बॉक्स जास्त. पेट शॉपमधला सर्वांत मोठा बॉक्ससुद्धा बंड्याला तोकडा पडत होता. जांभळी नाक्याच्या बाजारात प्लास्टिकच्या दुकानात बेडखाली सरकवायचे लांबट स्टोरेज बॉक्स मिळाले. दुकानदाराला वाटलं चादरी ठेवायच्या असतील. मी पलंगाऐवजी मांजराचा विषय काढल्यावर त्याने भावात शंभर रुपये कमी केले. का ते माहीत नाही, बहुधा दया आली. पुढची भिंत गरम सुरीने कापून खाली केली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. एक बॉक्स पाहुण्यांच्या खोलीत, दुसरा पॅसेजच्या टोकाला. दोन्हीकडून पळायला वाट मोकळी.

मग लिटरची परीक्षा. तीन तसराळ्यांत तीन प्रकार: बेंटोनाइट नावाच्या मातीचं बारीक, गोळे बनवणारं, बिनवासाचं, तोफूचे (सोयाबीनच्या चोथ्याचे) दाणे, आणि समोरच्या बांधकामावरून आणलेली चाळलेली रेती. बंड्याने तोफूचा वास घेतला, एक दाणा पंजाने बाहेर काढून त्याच्याशी खेळला आणि निघून गेला. खरी चुरस रेती आणि बेंटोनाइटमध्ये झाली. रेती त्याला मनापासून आवडली, पण ती गोळे करत नाही, तळाशी चिखल होतो. बेंटोनाइट जिंकलं. या बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या शेजारीच, गुजरातेत कच्छमध्ये आहेत. मातीचं लिटर ही कल्पना मात्र अमेरिकेतली. 1947 साली मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजरासाठी रेती मागायला आली, आणि त्याने तेल शोषायला विकायची कोरडी माती दिली. ती माती होती फुलर्स अर्थ, म्हणजे आपण तोंडाला लावतो ती मुलतानी मातीच. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शंभर रुपये किलोची माती त्याला मुतायला, आणि मी आयुष्यभर तोंडाला डाळीचं पीठ लावलं."

रोज दोनदा चाळायचं. गोळे कमोडमध्ये टाकायचे नाहीत. ओलसर बेंटोनाइट फुगतं आणि पाइप तुंबतो. हे कमिटीवरच्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता साफसफाई. यात आमच्या घरी सर्वांत मोठं भांडण झालं ते मावशी आणि माझ्यात, फिनेलवरून. मावशींच्या मते फिनेलचा वास आला नाही तर लादी पुसलेलीच नाही. काळ्या फिनेलमध्ये फेनॉलवर्गीय द्रव्यं असतात. माणसाचं यकृत ती निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात ती सोय जवळजवळ नाहीच. लादीवरून चालायचं, पंजे चाटायचे, म्हणजे थोडं थोडं पोटात. पांढऱ्या फिनेलमधलं पाइन ऑइलही त्याला बाधतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फिनेलची बाटली गॅलरीतल्या कपाटात मागे सरकवली, टाकली नाही. "उद्या मांजर नसेल तर?" म्हणाल्या. मी हसू की रागवू कळेना. साध्या साबणाच्या पाण्यावर तडजोड झाली.

बोक्याच्या शूत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते सावकाश फुटतं आणि त्यातून तो डोक्यात जाणारा वास निघतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचं प्रमाण जास्त. शिवाय युरियाचा अमोनिया होतो तो वेगळा. गादी वरून धुतली, पंख्याखाली वाळली, वास गेलासा वाटला, की पुढच्या दमट रात्री पुन्हा हजर. आणि आपल्या नाकाला येईनासा झाला तरी मांजराला येतोच, आणि ते पुन्हा तिथेच जातं. वासाची द्रव्यं फोडणारं एन्झाइमवालं क्लीनर लागतं, आणि तेही वरवर फवारून भागत नाही. शू जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं, मग तसंच ओलं राहू द्यायचं. सुती गोधडी बादलीत तासन्‌तास भिजली, वाचली. गादी नाही वाचली. गादीवाल्याने शिवण उसवून कापूस बाहेर काढला, एक मूठ नाकाशी नेली आणि तिथल्या तिथे परत भरली. "मॅडम, हा पिंजून मी माझ्या मशीनला वास लावू का?"

डाग शोधायला नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उपयोगी पडला. रात्री दिवे घालवून फिरलो. वाळलेली शू हिरवट-पिवळी चमकते. धुण्याच्या पावडरीतली चमकद्रव्यंही निळसर पांढरी चमकतात, त्यामुळे पहिल्या रात्री नवऱ्याला स्वतःचा सदराच गुन्हेगार वाटला. पण सोफ्याच्या मागच्या पायापाशी आणि दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात अशा जागा निघाल्या ज्या फ्रिजवरच्या कागदावर आलेल्याच नव्हत्या. चौकट बाल्कनीच्या दाराची. दुसरी गळती.

लिटर बॉक्स सुधारले, ओलं अन्न सुरू झालं (कोरड्या दाण्यांत पाणी दहाएक टक्के, ओल्यात पाऊणशेच्या पुढे, लघवी पातळ करायची तर हाच सोपा मार्ग, कारण मांजर तहान लागून पाणी प्यायच्या बाबतीत आळशी), तशी गादी-मोरीची नोंद थांबली. पडद्यावरची फवारणी मात्र चालूच. नसबंदी झालेल्या बोक्यांपैकीही दहातला एखादा फवारतो, हे वाचून होते. पण बंड्याने चार वर्षांत कधी केलं नव्हतं. जुना मोबाइल खिडकीत लावून रात्रभर चित्रीकरण केलं. पहाटे तीनच्या सुमारास एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक काळा बोका येऊन बसला. रुंद गालांचा, कान फाटलेला. त्याने बाल्कनीच्या कठड्यावर रीतसर फवारा मारला, काचेतून आत पाहिलं आणि तासभर बसला. काचेच्या आत बंड्या, पाठीवरचे केस उभे, शेपटी बाटली घासायच्या ब्रशएवढी.

हा पाहुणा पावसाळ्यातच का आला, तेही कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकू मांजरांना खायला घालतात. पावसामुळे त्यांनी वाडगं पार्किंगमधून हलवून आमच्या बाजूच्या जिन्याखाली आणलं होतं. मी भीतभीतच गेले. सोसायटीत मांजरांना खायला घालण्यावरून आधीच दोन तट आहेत, आणि काकूंना वाटलं मी विरुद्ध बाजूची.

"तुझा राजा काचेच्या आत बसून चिकन खातो, आणि माझ्या काळ्याने पावसात कुठे जावं?"

"काकू, खाऊ घालू नका असं नाहीच म्हणत. वाडगं फक्त गेटच्या बाजूच्या शेडखाली ठेवता का? आणि त्याची नसबंदी करून घेऊ, खर्च अर्धा अर्धा."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अर्धा कशाला, मी देते सगळा. तू फक्त त्याला पकडायला ये. मला तो चावतो." तो मलाही चावला, पुढे रेबीजची लस घेणं ओघाने आलंच. पण काळ्या पिंजऱ्यात गेला आणि दोन दिवसांनी डाव्या कानाचं टोक छाटून परत आला, ती नसबंदीची खूण. फवारणी हळूहळू विरली. तोवर बाल्कनीच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म चिकटवली होती आणि कठडा बाहेरून धुतला होता. फिल्मने उजेड थोडा कमी झाला. सासूबाई सकाळी पेपर वाचायला आता बेडरूमच्या खिडकीत बसतात, आणि बंड्या त्यांच्या पायाशी. ओट्यावरचं वैर अजून आहे, पण तो आता मुद्दाम करतो असं त्या म्हणत नाहीत. "त्याच्या पोटात कळ येते" म्हणतात.

डॉक्टरांनी मनावरच्या गोळ्यांचाही पर्याय सांगून ठेवला होता. त्याची वेळ आली नाही. फेरोमोनचं डिफ्यूजर, म्हणजे मांजराला निवांत वाटावं म्हणून खोलीत गंध सोडणारं यंत्र, महिनाभर लावून पाहिलं. त्याने फरक पडला की काळ्याच्या नसबंदीने, हे सांगता येत नाही, आणि रिफिल महाग, म्हणून परत घेतलं नाही. कपाटाच्या माथ्यावर जायला फळ्यांच्या पायऱ्या केल्या, त्या मात्र लाख मोलाच्या ठरल्या. घरात कोणी मोठ्याने बोललं की तो वर जातो.

हा आजार परत येणारा, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आणि गणपतीत तो आला. पाच दिवस घर भरलेलं, दारात ढोल-ताशा, पाहुण्यांच्या खोलीतला बॉक्स पाहुण्यांना जागा करायला हलवलेला. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या उघड्या बॅगेत, पैठणीच्या शेजारी. पैठणीला लागलं नाही, एवढंच देवाने पाहिलं. वेदनाशामक दोन दिवस आधीपासून घरात होतं, त्यामुळे थेंबांवर निभावलं.

यंदा गणपतीच्या आधीच्या रविवारी बंड्याचं बिऱ्हाड आमच्या बेडरूममध्ये हलवणार आहोत: दोन्ही बॉक्स, पाण्याचं भांडं, जुनी गोधडी, दाराला आतून कडी. ढोल वाजायच्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेली शांत करायची गोळी, आदल्या रात्रीपासून. नणंदेला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, मी चेनवाली बॅग आणते."